शिडांच्या काळातला एक इंग्रज कमोडोर

साजगाव हे घाटाच्या पायथ्याचे गाव. तिथून समुद्र दिसत नाही, त्याची गाजही ऐकू येत नाही. पण कार्तिकी एकादशीला तिथे विठोबाची यात्रा भरते, तेव्हा बाजारात मान असतो सुक्या मासळीला. म्हणून तर त्या देवाला लोक लाडाने 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. इकडे टाळ-मृदंग चाललेले आणि पलीकडे बोंबलांच्या टोपल्यांवर घासाघीस चाललेली. परगावच्या माणसाला याचे नवल वाटते, आपल्याला वाटत नाही. वारा खाली समुद्राकडून येतो आणि त्याच्याबरोबर मासळीही येते, एवढे आपल्याला पुरते. खोपोलीजवळून वाहणारी पाताळगंगासुद्धा शेवटी धरमतरच्या खाडीलाच जाऊन मिळते.

हे सांगण्याचे कारण असे की इतिहास शिकवताना मात्र आपण समुद्राकडे पाठ करून बसतो. गड, घाट, घोडदळ, गनिमी कावा हे सगळे मुलांना तोंडपाठ असते. आरमाराचे नाव निघाले की दोन वाक्यांत उरकते: शिवाजी महाराजांनी आरमार उभारले, कान्होजी आंग्र्यांनी ते वाढवले. पुढे त्याचे काय झाले? हा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारलाच, तर गुरुजींची पंचाईत होते, कारण उत्तर अवघड जागचे आहे. ते उत्तर मी आज एका परक्या माणसाच्या चरित्रातून सांगणार आहे. या माणसाचे नाव विल्यम जेम्स. शिक्षक मंडळींनी कोकण किनाऱ्याचा नकाशा जवळ घेऊन बसावे, म्हणजे गोष्ट चांगली उमजेल.

जेम्सचा जन्म १७२१ च्या सुमारास वेल्स प्रांतात, मिलफर्ड हेवन या बंदराच्या परिसरात झाला. घरची स्थिती बेताची. कोवळ्या वयातच तो समुद्रावर गेला. आता शिडांच्या त्या काळात समुद्रावर जाऊन मोठे होण्याचे इंग्रजांकडे दोन रस्ते होते आणि त्यांतला फरक ध्यानात घेतल्याशिवाय जेम्स कळायचा नाही.

पहिला रस्ता राजाच्या आरमाराचा. तिथे चांगल्या घरातला बारा-तेरा वर्षांचा पोरगा एखाद्या कप्तानाच्या ओळखीने जहाजावर चढे. सहा वर्षे समुद्रावर काढल्यावर त्याला परीक्षेला बसता येई. परीक्षा कागदावरची नव्हे. तीन कप्तान समोर बसत आणि विचारीत: वारा किनाऱ्याच्या दिशेने वाहतो आहे, डोलकाठी मोडली आहे, खडक समोर आहेत, बोल, काय हुकूम देशील? उत्तर बरोबर आले तर तो लेफ्टनंट होण्यास लायक ठरे. इंग्रजांच्या पायदळात त्या काळी अंमलदाराची जागा पैसे मोजून विकत घेता येत असे. आरमारात तसे चालत नसे, आणि याचा त्यांना मोठा अभिमान होता. मात्र पास झालेल्याला जागा मिळेलच असे नाही. तिथे वशिला लागे. एकदा मोठ्या जहाजाचा कप्तान झाला की पुढची बढती ज्येष्ठतेने, वरचा मेला की खालचा वर सरकणार. लढाई संपली की पुष्कळांना अर्ध्या पगारावर घरी बसवीत.

दुसरा रस्ता कंपनी सरकारच्या आरमाराचा. मुंबईला ईस्ट इंडिया कंपनीची स्वतःची जहाजे होती, त्यांना 'बॉम्बे मरीन' म्हणत. मान कमी, दगदग जास्त. राजाच्या आरमारातला अंमलदार यांच्याकडे, शहरातला वकील खेड्यातल्या कारकुनाकडे पाहतो तसा पाहायचा. काम काय, तर व्यापारी गलबतांचा तांडा जमवायचा आणि त्याला राखण देत किनाऱ्याने खाली-वर न्यायचे. जेम्सला मामा-काका नव्हते, म्हणून तो या दुसऱ्या रस्त्याने आला. १७४७ मध्ये तो कंपनीच्या चाकरीत शिरला आणि १७५१ मध्ये, तिशीच्या आसपास, मुंबईच्या सगळ्या आरमाराचा मुख्य, म्हणजे कमोडोर झाला. चार वर्षांत एवढी मजल वशिल्याने मारता येत नाही.

ही राखण कुणापासून करायची होती? आंग्र्यांपासून. इंग्रजी पुस्तकांत आंग्र्यांना सरसकट चाचे म्हटलेले आढळते. वाचकहो, हा शब्द जरा पारखून घ्यावा. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने आपले दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, नाही घेतला तर जहाज धरू, असा आंग्र्यांचा कायदा होता. हाच कायदा पोर्तुगीज लोक दोनशे वर्षे 'कार्ताझ' या नावाने चालवीत आले होते, आणि इंग्रजही आपले परवाने देतच होते. पोर्तुगिजाने केले तर राज्यकारभार आणि मराठ्याने केले तर चाचेगिरी, असा तो न्याय.

कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यानंतर मुलांत भाऊबंदकी लागली. १७३५ मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांनी वाटणी करून दिली: मानाजीकडे कुलाबा, संभाजीकडे सुवर्णदुर्ग आणि दक्षिणेकडचा किनारा. भांडण मिटले असेल, पण आरमाराचे दोन तुकडे झाले ते झालेच. संभाजीच्या मागून त्याचा भाऊ तुळाजी आला. तुळाजी हा दर्याचा पक्का माणूस, पण अत्यंत हट्टी. त्याने इंग्रजांची जहाजे धरली, कंपनीचे 'रेस्टोरेशन' नावाचे लढाऊ जहाजसुद्धा पकडून आपल्या आरमारात घातले, आणि इकडे पेशव्यांनाही जुमानीनासा झाला.

तुळाजीची ताकद कशात होती, ते जहाजांकडे पाहिल्यावर कळते. आंग्र्यांच्या आरमारात मुख्य जहाजे दोन तऱ्हेची, गुराब आणि गलबत. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढची नाळ लांब आणि सखल. त्या नाळेवरून सरळ पुढे मारा करणाऱ्या तोफा बसवलेल्या. तळ उथळ, म्हणून खाडीत कुठेही शिरावे. गलबत त्याहून लहान, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की इंग्रजांचे जड जहाज चिखलात रुतलेल्या हत्तीसारखे जागच्या जागी उभे. अशा वेळी गलबते वल्ही मारीत गुराबांना ओढून आणायची, नेमकी शत्रूच्या पिछाडीला, कारण इंग्रजी जहाजाच्या तोफा बहुतेक दोन्ही बाजूंना असतात, मागे फारशा नसतात. तिथून शिडे आणि डोलकाठ्या फोडायच्या, आणि जहाज पांगळे झाले की शेकडो माणसांनी तलवारी घेऊन वर चढायचे. आपल्या किनाऱ्याला आणि आपल्या वाऱ्याला शोभणारी ही युद्धकला होती. तिची कमजोरी एकच. भर समुद्रात, चांगल्या वाऱ्यात, दोन-दोन मजली तोफांच्या जहाजासमोर ती टिकत नसे.

हे जेम्सने हेरले होते. आणि याच सुमारास पुण्याहून त्याला हवे ते चालून आले.

नानासाहेब पेशव्यांनी तुळाजीला वठणीवर आणण्याकरिता इंग्रजांची मदत मागितली. १९ मार्च १७५५ रोजी मुंबईकरांशी करार झाला. दोन्ही आरमारांनी मिळून लढावे, हुकूम मात्र इंग्रजांचा चालावा. आणि बाणकोट इंग्रजांना द्यावे. महिनाअखेरीस जेम्स आपले चव्वेचाळीस तोफांचे 'प्रोटेक्टर' जहाज आणि आणखी काही लहान जहाजे घेऊन निघाला. चौलजवळ पेशव्यांचे आरमार त्याला मिळाले. जमिनीवरून रामाजी महादेव बिवलकरांची फौज सुवर्णदुर्गाकडे चालली होती.

सुवर्णदुर्गाजवळ तुळाजीचे आरमार उभे होते. जेम्सला पाहताच ते दक्षिणेकडे निघाले. ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने या पाठलागाचे वर्णन केले आहे. वारा मंद. आंग्र्यांच्या खलाशांनी ओझे कमी करण्यासाठी जहाजांवरचे सामान समुद्रात फेकले, आणि सगळी शिडे चढवूनही भागेना तेव्हा अंगावरचे कपडे, पांघरुणे, डोक्याची पागोटीसुद्धा सोडून वाऱ्याला लावली. ते निसटले. नेहमी इंग्रजांपेक्षा वेगाने धावणारी पेशव्यांची जहाजे त्या दिवशी मात्र मागे-मागेच राहिली, असेही ऑर्म लिहितो. मला यात त्या खलाशांचा दोष दिसत नाही. समोर पळत होते ते त्यांचेच सोयरेधायरे, कालपरवापर्यंत एकाच बंदरात जाळी सुकवणारे. त्यांच्या पाठीवर तोफ डागायला हात कसा उचलावा?

जेम्स मागे वळला तो थेट सुवर्णदुर्गावर. हा जलदुर्ग हर्णैच्या समोर समुद्रात आहे, आणि किनाऱ्यावर त्याचे रखवालदार असे तीन छोटे किल्ले: गोवा, कनकदुर्ग आणि फत्तेगड. पेशव्यांची फौज किनाऱ्यावरून मारा करीत होती, पण तिच्याजवळची तोफ अगदीच किरकोळ. कंपनीने जेम्सला बजावले होते की जहाजे धोक्यात घालू नकोस. त्याने तो हुकूम बाजूला ठेवला. येथे त्याची नोकरी पणाला लागली होती. जहाज फुटले असते तर त्याला कुणी वाचवले नसते.

२ एप्रिल १७५५ ला त्याने समुद्राकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूने दिवसभर तोफा चालवल्या. तटाला काही होईना. ती बाजू नैसर्गिक खडक तासून केलेली. त्या बाजूने खिंडार पडणे शक्य नाही, अशी खबर किल्ल्यातून फुटून आलेल्या माणसांकडूनही त्याला मिळाली. मग त्याने जे केले त्यात या माणसाचे खरे कसब दिसते. किल्ला आणि किनारा यांच्यामध्ये पाण्याची एक चिंचोळी पट्टी आहे. किल्लेदाराची खात्री होती की तिथे मोठे जहाज येऊच शकत नाही. जेम्सने अंधारात पाणी मोजवले.

पाणी मोजणे म्हणजे काय, हे शाळेतल्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे. लांब दोरीला वावावावावर खुणा करायच्या. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढे अंतर, साधारण सहा फूट. दोरीच्या टोकाला शिशाचा लांबट गोळा, आणि गोळ्याच्या तळाशी खळगा करून त्यात चरबी भरलेली. गोळा सोडला की तळ लागतो, दोरीवरून खोली समजते, आणि चरबीला वाळू, चिखल की शिंपले चिकटले, त्यावरून नांगर धरेल की नाही तेही समजते. जुन्या काळी आपले तांडेलही पाणी असेच अजमावीत. विद्या दोघांनाही येत होती. किल्लेदाराने मात्र आपल्या दाराशी ती वापरली नव्हती, परक्याने वापरली.

जहाज तरेल इतके पाणी आहे असे कळताच जेम्सने 'प्रोटेक्टर' त्या पट्टीत आणून उभे केले. एका बाजूच्या तोफा सुवर्णदुर्गावर, दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यावर. अंतर इतके थोडे की डोलकाठ्यांवर चढलेले बंदूकवाले तटावरच्या गोलंदाजांना टिपू लागले. गोळे पडून किल्ल्यात आग लागली, ती पसरत दारूच्या कोठारापर्यंत गेली आणि कोठार उडाले. आतल्या बायकामुलांसह माणसे होड्यांत बसून निघाली, ती पकडली गेली. पुढे एक-दोन दिवसांत किनाऱ्यावरच्या किल्ल्यांसह सगळे हाती आले. ८ एप्रिलला बाणकोटही इंग्रजांना मिळाले; त्याचे नाव त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. सुवर्णदुर्ग पेशव्यांच्या स्वाधीन झाला. करार पाळला गेला होता, सगळे खूश होते.

पुढच्या वर्षी विजयदुर्गाची पाळी आली. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. तो अजिंक्य आहे असा त्याचा इतका बोलबाला होता की चाल करण्याआधी पाहून यायला जेम्सलाच पाठवले. तो जवळ जाऊन, पाणी मोजून परत आला आणि म्हणाला की मी ऐकले होते तसे तिथे काही नाही; जहाजे जवळ नेता येतात. यावेळी राजाचे आरमार आले होते, ॲडमिरल चार्ल्स वॉटसनच्या हाताखाली, आणि बरोबर फौज घेऊन क्लाइव्ह. वॉटसन म्हणजे पहिल्या रस्त्याने वर गेलेला माणूस. सर चार्ल्स वेजर हा आरमारखात्याचा मोठा अधिकारी त्याचा मामा. तो माणूस म्हणून सज्जन होता, हेही सांगितले पाहिजे.

लढाई सुरू होण्याआधी मुंबईत या साहेबमंडळींची एक बैठक झाली. विषय कोणता? तर लुटीची वाटणी! हसू नका, इंग्रज आरमारी अंमलदाराच्या आयुष्यात ही बाब मोठी असे. पगार तुटपुंजा, पण शत्रूचे जहाज किंवा ठाणे जिंकले तर त्याची किंमत दर्जाप्रमाणे वाटून मिळे. कप्तानाला किती, लेफ्टनंटाला किती, खलाशाला किती, याचे नियम ठरलेले. एका चांगल्या लुटीत माणूस जन्माचा सुखी व्हायचा. त्या बैठकीत क्लाइव्हला किती द्यावे यावर बरीच रस्सीखेच झाली. पेशव्यांचे नाव मात्र वाटणीत नव्हते.

१२ फेब्रुवारी १७५६ ला तोफा सुरू झाल्या. एक गोळा त्या पकडलेल्या 'रेस्टोरेशन' जहाजावर पडला, ते पेटले, आणि शेजारी-शेजारी नांगरून ठेवलेल्या आंग्र्यांच्या जहाजांवर आग पसरत गेली. कान्होजींपासून उभे केलेले आरमार एका दुपारी बंदरातल्या बंदरात जळाले. तुळाजी त्याआधीच मराठ्यांच्या छावणीत जाऊन बोलणी करू पाहत होता. तो पेशव्यांच्या कैदेत पडला तो कायमचा. १३ तारखेला किल्ला पडला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना द्यायचा असे ठरले असूनही तो कित्येक महिने दिला नाही. शेवटी ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्यास नवा तह झाला तेव्हा तो ताब्यात आला.

नानासाहेबांच्या बाजूने बोलायचे तर एवढे म्हणता येईल की हुकूम न मानणारा सरदार कोणत्याही राज्याला परवडत नाही. पण सरदाराला शिक्षा करणे वेगळे आणि त्याच्या हातातले हत्यार परक्याकडून मोडून घेणे वेगळे. बांधावरून भावाशी भांडण झाले म्हणून कुणी शेजाऱ्याला बोलावून आपल्याच विहिरीत दगड टाकायला लावील का? पुण्याच्या दरबारात समुद्र जाणणारे माणूस नव्हते, हे खरे दुखणे.

जेम्सची गोष्ट इथे संपत नाही. त्याचे सगळ्यात सुंदर काम अजून यायचे आहे, आणि त्यात तोफेचा संबंध नाही. १७५६ मध्ये इंग्रज-फ्रेंचांचे युद्ध जाहीर झाले. ही पक्की बातमी आणि पाचशे शिपाई बंगालमध्ये वॉटसन-क्लाइव्हकडे लवकर पोचवायचे होते. पण हंगाम उलटा. आपल्याकडे दिवाळीनंतर ईशान्येचा वारा सुरू होतो. मुंबईहून बंगालकडे जाणाऱ्या शिडाच्या जहाजाला तो तोंडावर येतो, आणि त्या काळी जहाजे वारा फिरेपर्यंत थांबत. जेम्सने सरळ वाट सोडली. तो मुंबईहून दक्षिणेला गेला, विषुववृत्त ओलांडून आणखी दहा अंश खाली उतरला. तिथे त्याच महिन्यांत वारा पश्चिमेकडून वाहतो. त्या वाऱ्यावर तो पूर्वेला सुमात्रा बेटाच्या टोकापर्यंतच्या रेषेत गेला, आणि मग उत्तरेकडे वळला. आता तोच ईशान्येचा वारा तोंडावर न येता बाजूने मिळाला आणि जहाज गंगेच्या मुखाशी पोचले. नकाशावर बोट फिरवून पाहा, वाट केवढी लांब दिसते. पण वेळ जवळजवळ चांगल्या हंगामाइतकाच लागला. मार्च १७५७ मध्ये चंद्रनगर इंग्रजांनी घेतले, त्यात या मदतीचा वाटा होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वॉटसन कलकत्त्याला वारला.

१७५९ मध्ये जेम्स गडगंज होऊन इंग्लंडला परतला. लंडनजवळ एल्थम येथे वाडा आणि जमीन घेतली. कंपनीचा डायरेक्टर झाला, पार्लमेंटात बसला, १७७८ मध्ये बॅरोनेट म्हणजे 'सर' झाला आणि १७७९ मध्ये कंपनीचा अध्यक्ष. आता हे साल साजगाव-खोपोलीकडच्या लोकांच्या ओळखीचे असायला हवे. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलला उतरून, तुमच्याच या पट्टीतून, बोरघाट चढून पुण्यावर निघाली होती. कार्ल्याजवळ जानेवारी १७७९ मध्ये कप्तान स्टुअर्ट पडला. तोच आपला 'इष्टुर फाकडा'. त्या महिन्यात वडगावला इंग्रजांनी शरणागतीचा करार केला. समुद्रावर ज्यांची दाणादाण केली ते मराठे घाटावर असे भेटले. त्या दिवसांत बातमी विलायतेला पोचायला पाच-सहा महिने लागत. म्हणजे वडगावची खबर लंडनला गेली तेव्हा कंपनीच्या मुख्य खुर्चीवर सुवर्णदुर्ग घेणारा हाच माणूस होता.

मराठ्यांचे आरमार १७५६ नंतर अगदीच नाहीसे झाले असे मात्र कुणी समजू नये. विजयदुर्गावर पेशव्यांनी धुळपांची नेमणूक केली, आणि आनंदराव धुळपांनी एप्रिल १७८३ मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' हे जहाज लढून पकडले. पण आता ते किनाऱ्याजवळचे आरमार होते. त्याच वर्षी १६ डिसेंबरला जेम्स वारला. इकडे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले पारशी कारागीर आपल्या सागवानाची जहाजे इंग्रजांना बांधून देत होते. त्यांनी बांधलेले, १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेले 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात आजही तरंगते आहे. लाकूड आपले, हात आपले.

जेम्सच्या बायकोने १७८४ मध्ये लंडनजवळच्या शूटर्स हिल या टेकडीवर नवऱ्याच्या आठवणीसाठी एक तिकोनी बुरूज बांधला. उंची ६३ फूट. त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे सुवर्णदुर्गच; इंग्रजी जिभेने त्याचे असे रूप केले. तो अजून उभा आहे आणि लोक वर चढून थेम्स नदीचा देखावा पाहतात. दारावर शिळालेख आहे. त्यात जेम्सच्या शौर्याची तारीफ आहे, २ एप्रिल १७५५ ही तारीख आहे, आणि किल्ला मलबारच्या किनाऱ्यावरचा म्हटला आहे, कारण त्या काळी इंग्रज आपला सगळा पश्चिम किनारा मलबारच समजत. पेशव्यांचे, रामाजी महादेवांचे किंवा चौलहून बरोबर गेलेल्या आरमाराचे नाव त्या दगडावर कुठेही नाही.